अग्न्यस्त्र आणि बाबांचा कोट

बाबांची भोपाळला बदली माझ्या अग्न्यस्त्रामुळे झाली.

मध्यभारत मोडून नवं राज्य होणार होतं. बाबांच्या कचेरीतल्या कोणाला उज्जैनला ठेवायचं आणि कोणाला भोपाळला पाठवायचं, हे नवे साहेब एकेकाला बोलावून ठरवत होते. बदली झाली तर माझ्या कॉलेजमुळे आम्ही इथेच राहणार आणि बाबा तिकडे एकटे. (त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता.) त्यांनी घरात बोलणंच सोडलं होतं.

त्यांचं मन रमावं म्हणून मी एक खेळ रचला. प्रत्येक योद्ध्याजवळ प्राण म्हणून चिंचोके. साधा बाण एकदाच चिंचोके न्यायचा, नागास्त्राचं विष दर डावाला थोडे थोडे. अग्न्यस्त्र मात्र लगेच जाळायचं, वर पुढच्या डावालाही परत जाळायचं.

साहेबांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा योद्धा आगीत सापडला.

"मेला," मी म्हणालो.

"कसा मरेल? आत्ताच तू वारुणास्त्रानं भिजवलास. ओलं कवच जळत नाही."

कित्येक दिवसांत बाबा इतकं बोलले नव्हते. मी तिथेच गप्प बसायचं होतं. पण घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, मला प्रयोग करून बघावासा वाटला. कवच म्हणून खुंटीवरचा त्यांचा काळा कोट घेतला, पाठीवर पाणी शिंपडलं आणि शेगडीतला निखारा चिमट्यानं उचलला.

"अरे, उद्या तोच घालायचाय त्यांना," आई म्हणाली.

"सायन्स आहे, आई."

निखारा चुर्र करून विझला. बाबा चक्क हसले. "देख लिया, प्रोफेसर?"

इथे तरी थांबायला हवं होतं. पण आग पुढच्या डावालाही लागते, हा नियम माझाच. मी त्याच जागी दुसरा, चांगला फुललेला निखारा ठेवला.

भोक रुपयाएवढं पडलं, बरोब्बर पाठीच्या मध्यावर.

आईनं कोट उजेडात धरून पाहिला. "आता साहेबांकडे पाठ करू नका, म्हणजे झालं."

बाबांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो आणि साहेबांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. "उज्जैन में ही रहना चाहते हैं?" साहेबांनी मवाळपणे विचारलं. बाबा "जी" म्हणाले आणि साहेबांकडे तोंड ठेवून, वाकून, उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागले. वाटेत एक स्टूल आडवं झालं.

साहेबांचा चेहरा बदलला. "ये क्या, महाराजा का दरबार है? ये रियासती आदतें अब नहीं चलेंगी. आप भोपाल जाइए, नया ज़माना सीखिए."

स्टेशनवर गाडी हलताना बाबा खिडकीतून म्हणाले, "पुढच्या डावालाही जाळतं, हे खरंय रे तुझं."

घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढे नियम येतात तुला, तर चहा कसा करायचा तेही लिहून पाठव त्यांना."

मी लगेच कागद घेऊन बसलो. मग लक्षात आलं, चहा मलाही येत नाही.