भोकाचा पैसा

कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, कोरड्या पेरात नाणं पडलं की आधी एक पोकळ, लांबट आवाज होई आणि मागोमाग, नाणं आत कलंडून स्थिर होताना, बारीकशी किणकिण. पेर रिकामं असताना तो आवाज विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा खोल वाटे. भरत आलं की आखूड, जाडसर होई. पोशीरच्या आमच्या घरात संध्याकाळ झाली हे या आवाजावरून कळायचं. आता माझे डोळे अधू झाले, कानही निवडून निवडून ऐकतात, पण तो आवाज अजून जसाच्या तसा येतो. आला की आधी बरं वाटतं, आणि मग मान खाली जाते. ती का खाली जाते, ते लिहायचं मी फार वर्षं टाळलं.

पेर होतं माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून ती माहेरी आली आणि आईमागे तिनंच मला वाढवलं. भात निघालं की शेतात वाल पेरायची आणि शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन नेरळच्या बाजारात बसायची. कळकाचं एक जाड पेर, दोन्ही बाजूंच्या गाठी शाबूत ठेवून कापलेलं, वरच्या अंगाला नाणं जाईल एवढी चीर पाडलेली. सुंभानं ते पडवीच्या वाशाला टांगलेलं असे. बाजारातून आली की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी ती कनवटीतलं सगळ्यांत लहान नाणं त्यात टाकी. तहान लागलेली असताना टाकलेलं नाणंच शिल्लक राहतं, असं तिचं म्हणणं. हे कशासाठी साठवतेस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कशासाठीच नाय रं. काम ठरलं की पैसा कामाचा झाला. आपला वरकड पैसा निराळा." किती थोड्यात किती मोठी गोष्ट सांगितली होती तिनं! माणसाला पाठीशी काहीतरी असं हवं असतं की ज्याला अजून नाव पडलेलं नाही. त्याच्या भरवशावर तो ताठ चालतो.

दर दोन वर्षांनी, मळणी उरकली की, पेर फोडायचा दिवस येई. अंगण सारवून आक्का कोयत्यानं पेर उभं चिरी आणि नाणी सुपात ओती. शेजारच्या बायका जमत. सुपात नाणी पाखडल्याचा तो आवाज ऐकायला माझी बायको शेवंताही, लग्न होऊन आली त्या वर्षी, नव्या नवलाईनं उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

शेवंता सवणे गावची. तिच्या आजीनं लग्नात तिला एक दोरा दिला होता, त्यात जुने भोकाचे पैसे ओवलेले. तांबूस, मधे मोठं भोक असलेले ते पैसे नवे पैसे आल्यावर चलनातून गेले, पण आजीची आठवण म्हणून तिनं तो दोरा कमरेला बांधलेला असे. चालताना तो मंद वाजायचा. आक्का चेष्टेनं म्हणे, "वाजत ये गं, म्हंजी मांजर पळंल."

मी तेव्हा नेरळला सायकलच्या दुकानात कामाला होतो. त्या सुमारास टेरिलीनच्या शर्टाचं वेड आलं होतं. इस्त्री न लागणारा, उन्हात चमकणारा तो शर्ट मुंबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या अंगावर पाहिला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एका दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पेर खाली काढलं, उलटं धरलं आणि सायकलच्या आऱ्यानं एक एक नाणं चिरेशी आणून बाहेर ओढलं. वजन आणि आवाज कमी होऊ नये म्हणून दुकानातल्या लोखंडी चकत्या, आम्ही त्यांना वायसर म्हणायचो, तेवढ्याच आत सोडल्या. पेर फोडायच्या आधी वायसर काढून पैसे परत टाकीन, असं मी स्वतःला सांगितलं होतं. चोरी करणारा कोणता माणूस स्वतःला हे सांगत नाही? शर्ट मालकानं खुशीनं दिला, असं घरी सांगितलं. शेवंता तो वेगळा, हलक्या हातानं धुवायची.

पावसाळा गेला, मळणी झाली. पैसे परत टाकायचं राहूनच गेलं. त्या वर्षी पेर फुटलं तेव्हा दिवस कलला होता. सुपात नाण्यांबरोबर गंजून तांबूस झालेल्या, भोकाच्या चकत्या पडल्या. आक्काची नजर आधीच कमजोर. तिनं एक बोटात धरली, भोकातून आरपार पाहिलं आणि तिचे डोळे शेवंताच्या कमरेकडे गेले.

"ह्ये भोकाचं पैसं कुनाचं गं?"

"वन्सं, माजं माज्या दोऱ्यात हायेत. बगा की."

"दोरा तुजा, गाठ तुजी. आदी किती व्हते, कुनी मोजलंय? बंद पडलेलं आत टाकलंन आन चालतं उचललंन!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी पडवीत उभा होतो, अंगात तोच शर्ट. मी म्हणालो, "जाऊ दे आक्का, नवीन हाय ती." माझं सगळ्यांत मोठं पाप कोणतं, असं कुणी विचारलं तर मी पैसे काढल्याचं सांगणार नाही, हे वाक्य सांगेन. त्या एका वाक्यानं मी तिला माफ करून चोर ठरवलं.

आक्कानं त्या चकत्या रागानं उकिरड्यावर भिरकावल्या. त्यानंतर तिनं पेर कधी टांगलं नाही. धान्याच्या पेटीला कुलूप आलं, किल्ली तिच्या कमरेला गेली. शेवंताच्या कमरेचा दोरा मात्र उतरला, आणि घरात तिचं चालणं ऐकू येईनासं झालं. गावात तिचं नाव पडलं भोकाच्या पैशावाली. लग्नाकार्यात आहेराचं ताट तिच्या हाती कुणी दिलं नाही.

पुढं तिनंही पैसे साठवले, पण काचेच्या बरणीत. बरणी ओटीवरच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मुलीच्या पुस्तकांना, माझ्या आजारपणात, कौलं शेकारताना त्या बरणीतून पैसे निघाले, पण ती बोटभर नाणी तळाशी ठेवायचीच. मी हसायचो. ती म्हणायची, "तळ दिसू नये भांड्याचा." वीस वर्षं मी ती बरणी रोज पाहिली.

शेवंता गेली त्याच्या पंधराव्या दिवशी मी बरणी पहिल्यांदा पूर्ण उलटी केली. सगळ्यांत शेवटी, नाण्यांच्या मागून, एक गंजलेला वायसर घरंगळत आला. उकिरड्यावरून तिनं तो कधीतरी उचलला असणार. हातात घेताच तिला कळलं असणार की भोकाच्या पैशावर असतो तसा राजाचा मुकुट यावर नाही, अक्षर नाही, आणि या घरात वायसर आणणारा एकच माणूस आहे. नवरा चोर ठरू नये म्हणून ती चोर राहिली, आणि मी विचारीन म्हणून वाट पाहत राहिली. की वाटही पाहत नव्हती? हे आता मला कोण सांगणार?

वायसर घेऊन मी आक्काकडे गेलो, सगळं सांगितलं. ती बराच वेळ तो बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? जिला सांगायचं ती गेली." कमरेची किल्ली सोडून तिनं पेटीवर ठेवली. पुढं ती तीन वर्षं जगली. मला वेळेवर वाढायची, तब्येत विचारायची. पण जन्मभर मला 'रं' म्हणून हाक मारणाऱ्या माझ्या बहिणीनं त्यानंतर एकदाही 'रं' म्हटलं नाही.

गावात ती गोष्ट अजून हसत सांगतात, आणि सांगणाऱ्यांनी शेवंताला पाहिलेलंही नसतं. म्हणून हे लिहिलं.

बरणी माझ्या ओटीवर आहे. आधी वायसर टाकला, मग नाणी. रोज संध्याकाळी, पाणी प्यायच्या आधी, एक टाकतो. कुणी तळाकडे बोट दाखवून विचारलं तर सांगतो. पहिल्या दिवशी तो वायसर काचेवर पडला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. अगदी नाण्यासारखा वाजला. कानाला फरक कळत नाही. म्हणूनच तोंडानं सांगावं लागतं.