डबा बोलला की उभं राहायचं

पोखर्णीहून नरसिंहाचं दर्शन घेऊन मी जीपनं परभणीला येत होते. मागच्या सीटवर दोन बाया बोलायल्या होत्या. "अगं, ती रेखा मॅडम सरच्या केबिनमधी घुसली, सरच्या पुढ्यातला माईक हिसकावला, अन्..."

जीप थांबली अन् बाया उतरून गेल्या! अन् काय? अन् काय झालं पुढं?

रेखा म्हणजे आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी वालूरची पोरगी. आमच्या भिंतीला लागून जी खाजगी शाळा आहे ना, तिथं दुसरीला शिकवते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण त्या शाळेतलं सगळं मला ठाऊक. गच्चीवर कुरडया घालायला गेलं की कान भरूनच खाली यायचं. किस्से साचत गेले अन् त्यांच्यासंगं माझा रागही.

*

त्या शाळेत वर्गावर्गात भिंतीला स्पीकरचा डबा लावलाय. लावला प्रार्थनेसाठी. पण हेडसरांनी त्याला भलतंच काम लावलं. केबिनमध्ये खुर्चीत बसायचं अन् माईकवरून मॅडम लोकांना झापायचं!

"रेखा मॅडम, वर्ग हाय का बाजार? जमत नसंल तर सांगा, लय जणी लायनीत हायेत!"

ऐकतंय कोण? सगळी शाळा. वरून मी!

रेखा बिचारी डब्याकडं बघत उभी राहायची. अन् मॅडम उभी राहिली म्हणून दुसरीची पोरंही उभी! एका चिमुरडीला मी गेटवर विचारलं, "कामून गं उभं राहता?" ती म्हणाली, "डबा बोलला की उभं राहायचं असतंय."

घ्या! वर्षभरात पोरं हेच शिकली!

*

मी रेखाला म्हटलं, "तोंडावर बोल की त्याला एकदा!"

"कसं बोलू काकू? नोकरीत कायम करायची नावं सरच वर संस्थेकडं पाठवतेत. यंदा माझं गेलं न्हाई तर पोतं बांधून वालूरला."

आता बोला!

*

एका रविवारी तिला जेवायला बोलावलं. ताटात पिठलं-भाकरी. तेवढ्यात गल्लीत भाजीचा गाडा आला, भोंगा लावून. "ओ मॅडम! ओ ताई!"

पोरगी ताडकन उभी राहिली! हातात भाकरीचा तुकडा तसाच.

आमचे हे हसले. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांना ठसकाच लागला.

*

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव 'आनंदी परिवार'. सरांची सूचना आली की प्रत्येकानं ताबडतोब अंगठा द्यायचा. नाही दिला की दुसऱ्या दिवशी डब्यावर नाव!

खेळाच्या जाधव सरांनी त्यात लिहिलं, "सासरे वारले. उद्या येत नाही."

धडाधड अंगठे! सवयच ती. रेखानंही दिला, मग मोबाईल उशीखाली घालून रडत बसली. "काकू, मी काय केलं हे?"

तोवर हेडसरांचा मेसेज आला. "सगळ्यांचे अंगठे आले. जाधव सरांचा स्वतःचा कुठंय?"

*

मग निघालं ताणमुक्तीचं ट्रेनिंग. कधी? रविवारी! जो येणार नाही त्याची रजा कापणार. म्हणजे ताण नसेल त्यालाही यावा!

बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी सगळ्यांना फुगे वाटले. "मनातला सगळा राग ह्यात भरा आणि टाचणीनं फोडा!"

लोकांनी गाल लाल होईस्तोवर राग भरला. टाचण्या उचलल्या, तोच हेडसर उठले. "थांबा, थांबा! फोडू नका. परवा दादासाहेबांचा वाढदिवस हाय, स्टेजला लागतील."

दादासाहेब म्हणजे संस्थेचे मालक. वाढदिवसाला गड्यानं सगळ्या मास्तरांच्या रागाखाली बसून हार घालून घेतले! उन्हानं मंडप तापला, पण एक फुगा फुटला नाही. काय गाठी मारल्या होत्या लोकांनी!

*

तर जीपमधून उतरले ती तडक वर रेखाच्या खोलीत. वाटेत किराणा दुकानात कळलं होतं की माईक सरांच्या डोक्यात घातला अन् टाके पडले. मला तर वाटेतच पेढे घ्यावेसे वाटले!

"खरं सांग, घातलास का डोक्यात?"

"न्हाई हो काकू! हिसकावला, एवढं खरं."

झालं असं. प्रार्थना संपली अन् सर माईक बंद करायला विसरले. तेवढ्यात दादासाहेबांचा फोन. सरांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची खोड. मग काय! वर्गावर्गात डबा बोलायला लागला.

"गाढवा, तुला हेडमास्तर कुणी केलं रे? वाढदिवसाच्या बॅनरवर माझा फोटो एवढुसा? लाज वाटत न्हाई?"

"जी साहेब... चूक झाली साहेब... माफी असावी साहेब..."

रेखा पळत केबिनमध्ये गेली, सरांपुढचा माईक ओढला अन् बंद केला. बास.

माझं डोकंच फिरलं. "बंद केलास? अगं, कामून? ऐकू द्यायचं सगळ्या गल्लीला! वर्षभर तुझी इज्जत काढली त्यानं! अन् मी मेली नेमकी आजच पोखर्णीला!"

ती खाली बघत म्हणाली, "काकू, दुसरीची सगळी पोरं उभी राहिली होती."

*

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या आधीच गच्चीवर. तिथून तिच्या वर्गाची खिडकी दिसते. डबा खरखरला.

"रेखा मॅडम."

रेखा उभी राहिली. पोरं उभी राहिली. माझ्या हातातला कुरडयांचा सोऱ्या तसाच.

डब्यात सर खाकरले.

"तुमचं नाव वर पाठवलंय."

अरे मेल्या, एवढी बातमी तरी केबिनमध्ये बोलावून सांग की!

"बसा आता. पोरांनो, तुमीबी बसा."

पोरं बसली.

रेखा घंटा होईपर्यंत उभीच होती.