शेठजींचा राखी कोळी

रंगावर इतका आंधळा विश्वास असलेला दुसरा माणूस सातपुड्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, झाला नसेल, असं मी आमच्या घरमालकांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. म्हसावदच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो ते साल अठ्ठावन्न असावं. घरमालकांचं पेठेत कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागची एक खोली ते भाड्याने देत. घराणं मूळ मारवाडातलं, धर्माने जैन. पण तीन पिढ्या खानदेशात काढल्यामुळे शेठजी गावासारखीच अहिराणी बोलत. खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हाताला धरून मला दुकानाच्या दारात उन्हात उभं केलं, माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "बदामी शे. बदामी मानूस भांडस नही." खोली मिळाली. मी त्यांच्याशी कधी भांडलो नाही हे खरं आहे, पण त्याचं श्रेय कोटाला देणं मला आजही जड जातं.

कापडाचा रंग दिव्याच्या उजेडात पाहणं त्यांच्या लेखी पाप होतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, शेठजी ठाण घेऊन दारात जात, कापड उन्हात धरत, कोपरा पाण्याने ओला करून पांढऱ्या रुमालावर घासत आणि मगच भाव सांगत. तिथवर कुणाची तक्रार नव्हती. पण हीच परीक्षा ते साऱ्या सृष्टीला लावत. काळ्या रंगात राग असतो म्हणून घरात म्हैस नव्हती, गाय होती. छत्री काळीच मिळायची म्हणून तिला पांढऱ्या मांजरपाटाचा अभ्रा शिवून घेतला होता. पाऊस पडला की तो अभ्रा भिजून इतका जड होई की शेठजी छत्री दोन्ही हातांनी पेलत चालत. मुलीला सेंधव्याचं उत्तम स्थळ आलं होतं, पण मुलगा पोपटी शर्ट घालून आला आणि चहा संपायच्या आत नकार मिळाला. पुढे तो मुलगा गुणी निघाल्याचं कानावर आलं. मी ते शेठजींना मुद्दाम सांगितलं. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "शर्ट विटी गया व्हई." रंग कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

अशा माणसाच्या दुकानात झुरळांनी उच्छाद मांडला. नव्या कापडाची खळ त्यांना फार आवडते. हिवतापवाले फवारणीचा पंप घेऊन आले, तेव्हा शेठजींनी दारात आडवे हात धरून त्यांना परत पाठवलं. जीव मारायचा नाही म्हणजे नाही. सुताच्या मऊ कुंच्याने ते एकेका झुरळाला समजावत मागच्या दाराने बाहेर घालवत. आता, दुकानाचं मागचं दार म्हणजे माझ्या खोलीचं पुढचं दार, ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षात आली नाही. त्याच सुमारास वर डोंगरातल्या मोलगीकडचा एक पावरा आदिवासी शेतकरी, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, बोलता बोलता म्हणाला की त्याच्या झोपडीत एक मोठा केसाळ कोळी राहतो आणि झोपडीत झुरळ औषधालाही नाही. शेठजींना वाटलं, झुरळं त्याला भिऊन पळत असणार. मारायला नको, विष नको, नुसता दरारा! "मंग माले बी एक आनी दे," ते म्हणाले.

पेरणीआधीच्या खरेदीला तो पावरा डोंगर उतरून आला तेव्हा एक नव्हे, तीन कोळी घेऊन आला. बांबूच्या तीन नळ्या, तोंडाला पानांचे बोळे. निवड करायची म्हणजे उजेड हवा. शेठजी नळ्या घेऊन दारात गेले. मला कोळ्यांची भयंकर भीती आहे, पण शेठजींनी हाक मारल्यावर मागे कसं राहणार? मी पायरीच्या अगदी टोकाला उभा राहिलो. पहिला कोळी परातीत उतरला तो मखमलीसारखा काळा. "काया रंगमा राग ऱ्हास," शेठजी म्हणाले आणि तो परत नळीत गेला. दुसरा विटकरी, अंगभर तांबूस केस. "येनी नजर मांसवर शे." तोही गेला. तिसरा मात्र तळहाताएवढा, राखी रंगाचा, पाठीवर पांढरी नक्षी, कुणी रांगोळी काढावी तशी. शेठजींचा चेहरा उजळला. "देखा मास्तर! राख शे राख. राख म्हंजे वैराग. हाऊ मूग खाई!" त्यांनी कौतुकाने बोट पुढे केलं, त्यासरशी त्या कोळ्याने पुढचे दोन्ही पाय ताठ वर उचलले. पायांच्या आतल्या बाजूला पिवळाधमक रंग होता. मला तरी तो चावायच्या तयारीत दिसला. शेठजी म्हणाले, "नमस्कार करी ऱ्हायना! अन हातले हयद लायेल शे!" ओल्या रुमालाची परीक्षा त्यांनी केली नाही, एवढंच नशीब.

"हा खातो काय?" मी पावऱ्याला विचारलं.

"जे हालस ते खास," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणीही यावरून घ्यायचा तो अर्थ घेतला असता. शेठजींनी त्या दिवसापासून भिजवलेला मुगाचा दाणा दोऱ्याला बांधून कोळ्यासमोर हलवायला सुरुवात केली. लेस आणि फिती ठेवायची काच लावलेली पेटी त्याला दिली होती, आत झाडाची साल उभी केली होती. सकाळी दुकान उघडलं की शेठजी पेटीचं झाकण किलकिलं करून दोरा आत सोडत आणि दाणा कधी फुदकवत, कधी तुरुतुरु चालवत. गिऱ्हाईक थांबून राही. मुगानंतर शिरा झाला, साखरेचा खडा झाला, दुधात भिजवलेला कापूस झाला. कोळी एखाद्या वेळी दाण्यावर झडप घाली, मग टाकून देई. "चव कळी ऱ्हायनी," शेठजी म्हणत.

महिना गेला. पावसाने डोंगराची वाट बंद केली आणि कोळ्याचं पोट सुकलेल्या खारकेसारखं आत गेलं. पहिल्यांदाच शेठजी मला गप्प दिसले. शेठाणीबाई एकदा माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तरी समजाडा. आठ दिन व्हयनात, एकच येळ जेवतस." मी समजवायला गेलो. शेठजी पेटीसमोर बसले होते. ते म्हणाले ते अगदी सरळ होतं. खायला जीव दिला तर त्या जिवाची हत्या. नाही दिला तर ह्याची हत्या. गावात सोडला तर पहिली चप्पल त्याच्यावर पडणार, आणि पाणी उतरेपर्यंत डोंगरात नेता येत नाही. "मीच त्याले घरमा आना, मास्तर," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. एका कोळ्यासाठी साठीला आलेला माणूस रडतो याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेठजी मंदिरात गेल्यावर मी माझ्या खोलीतलं एक झुरळ चिमट्यात पकडलं. तोटा नव्हताच. डोळे अर्धे मिटून, हात जमेल तेवढा लांब करून, ते पेटीत सोडलं आणि अंगणापर्यंत पळालो. परत आलो तेव्हा काम झालं होतं. मग हा नेमच झाला. पंधरा दिवसांत कोळ्याचं पोट टरारलं, शेठजी दोन्ही वेळा जेवू लागले आणि मूग जिंकल्याची बातमी पेठेत पसरली. शेठजी येईल त्याला पेटी दाखवत आणि रंगाचं तत्त्वज्ञान सांगत. शेजारच्या कळसाडीहून ऊसवाले गुजर शेतकरी हा शाकाहारी कोळी पाहायला आले. त्यांतला एक हात जोडून म्हणाला, "शेठ, आमना कुत्राले बी शिकाडा. शेजारनी कोंबडी दखी का त्याले ऱ्हावस नही." मी त्या गर्दीत मान खाली घालून उभा असे. मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर मी, मनाला लागायचंच.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येक जिवाची क्षमा मागायची, अशी त्यांची रीत. सकाळी शेठजी आधी गायीपुढे हात जोडून आले, मग पेटीपुढे, आणि मग माझ्या दारात उभे राहिले. उपवासाने चेहरा उतरला होता. "मिच्छामि दुक्कडम्, मास्तर," ते म्हणाले. मीही म्हणालो. माझी खोली, माझं भाडं, कसली क्षमा मागायची त्यांनी? पण ते जाईनात. हळूच म्हणाले, "मूग खानारनी पेटीमा झुरळना पाय कोठेन येतीन?"

ते खाली बघत बोलत राहिले. "माले पहिला दिनपाशीन माहीत शे. रोज मीच झाडी टाकस. तुम्हले घाई नको व्हवाले म्हनीसन मंदिरमा अर्धा तास जास्त बसाले लागनू." मग त्यांनी पुन्हा हात जोडले. "पाप मन्हं, हात तुमना. माफ करा."

मी त्यांचे हात धरले. गावभर ज्या रंगाची ग्वाही ते देत होते, तो खोटा निघाल्याचं त्यांना कधीच कळलं होतं. ते ओझं ते रोज त्या पेटीपुढे उभं राहून वाहत होते, आणि मी मात्र त्यांना फसवतो आहे या समजुतीत स्वतःवरच रुसून बसलो होतो. मग त्यांनी मान वर केली.

"पानी उतरनं का मी त्याले डोंगरमा सोडी येसू," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "तव्हलोंग मी मंदिरमा बसत जासू. तुमनी हरकत नही ना?"

हरकत नाही, मी म्हणालो. दिवाळीनंतर शेठजी स्वतः तट्टावर बसून गेले आणि मोलगीच्या पलीकडे, ज्या झाडावर त्या पावऱ्याने तो धरला होता त्याच झाडावर त्याला ठेवून आले. पुढे माझी बदली झाली, शेठजीही गेले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मला क्षमा मागणारी माणसं नंतरही भेटली, पण त्यांतल्या कुणी माझी चूक आपल्या नावावर घेतली नाही.