घाम आलेलं पाकीट

कार्बन फायबरचा भाग साच्यात दाबला जाताना कापडाचे थर एकमेकांवरून घसरायला हवेत. अडकले की सुरकुती पडते आणि भाग भंगारात जातो. भंडाऱ्याजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात हे घर्षण मी मोजते. चिकट रेझिन लावलेल्या कापडाची पट्टी दोन गरम प्लेटांमध्ये दाबायची, मशीनने ओढायची, किती जोर लागला ते लिहायचं. पट्ट्या कापून द्यायचे एक वयस्कर कामगार, त्यांना सगळे काका म्हणायचे. वरठीहून सायकलने यायचे, चष्मा कपाळावर ठेवून.

कापडाचा रोल पाकिटात बंद करून फ्रीझरमध्ये ठेवतात. त्या दिवशी साहेबांना दुपारपर्यंत आकडे हवे होते. रोल बाहेर आल्याबरोबर मी कात्री उचलली.

"मॅडम, पाकीट आत्ताच नोका फोडू. थंड हाये, हवेतल्या पाण्याचा घाम कापडावर बसते. उद्यापर्यंत राहू द्या."

मी जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, तरी काकांचं बोलणं मला नीट कळलं होतं. पण दोन ट्रेनी बघत होते. मी पाकीट फोडलं.

पाच पट्ट्या, पाच आकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागतं. मी इंग्रजीत लिहिलं: पट्ट्या हाताळताना चूक. पुढे काकांचं नाव. खाली कापणाऱ्याची सही लागते.

"काय लिवलं, मॅडम?"

"काही नाही. आकडे आहेत."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन कागद पाहिला. मग सही केली.

रिपोर्ट वाचून साहेबांनी सोमवारी त्यांना पॅकिंगला पाठवलं. मी दुसरा रोल फ्रीझरबाहेर दिवसभर बंद ठेवून पुन्हा मोजलं. आकडे जुळले. काय सांगायचं ते मनात घोकत मी पॅकिंगमध्ये गेले.

"काका, चूक माझी होती. रिपोर्टमध्ये मी..."

"मालूम हाये." त्यांनी खोक्यावरची टेप दातांनी तोडली. "इंग्रजी नाही येत मले. पण माझं नाव वाचता येते. रोज हजेरीत पाहतो."

"मग सही का केलीत?"

"तुम्ही म्हटलं न, आकडे हायेत."

मी तशीच साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्टवर काकांच्या जागी माझं नाव घालून घेतलं. काकांना परत आणायचं विचारलं तर म्हणाले, "राहू दे आता. तिथेही माणूस लागतोच."

पट्ट्या आता मीच कापते. कडा वाकड्या येतात. रोल आदल्या दिवशी काढून ठेवते. पाकिटावर घाम येतो, हळूहळू सुकतो. तोवर मी त्याला हात लावत नाही.