दगडातलं खोबरेल

डोक्याला खोबरेल चोपडून त्याच बोटांनी मी एकदा दगडाची पूड चाळली, आणि दगडातून तेल काढलं! हसा, हसून घ्या. पण पुढचं — ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच नाही.

नांदेडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकत होते. मी रेणापूरची, शमीम बिलोलीची; वर्गात पोरी दोनच. आमच्याकडं खणाल तिथं काळा कातळ, तेलाचा खडक औषधालाही नाही. म्हणून सरांनी लांबून शेलचे तुकडे मागवलेले. शेल म्हणजे चिखलाचा झालेला दगड. त्या चिखलात शेवाळ गाडलं गेलं असेल, तर जमिनीतल्या उष्णतेनं त्याचं तेल होतं. लाकूडफाटा असेल, तर बहुतेक नुसता वायू. वरून दोन्ही काळेच! आत काय आहे ते ओळखण्यात शमीमचा हात कोण धरणार? सूक्ष्मदर्शकात बघायचं कसं, हे मला सरांनी नाही, तिनं शिकवलं. रोज, न कंटाळता. मी मठ्ठ होते हो — वेणी तेवढी झकास घालायचे.

एकाच तुकड्याची पूड दोघींनी वाटून घेतली. रसायनात भिजवायची, मग रसायन उडवायचं; तळाशी उरेल ते दगडातलं तेल. तिच्या भांड्यात नावापुरता डाग. माझ्या भांड्यात — चकचकीत तेल! सर हरखले. शेवाळाचाच दगड, म्हणाले. शमीम म्हणाली, "सर, भिंगातून बघा की. लाकूड हाय यात." सरांनी मानही वळवली नाही. "आधी भांडी घासायला शीक."

आणि मी? दुपारी एकटीनं भांडं नाकाशी नेलं. वास कशाचा होता, ते सांगायला हवं का? साबणानं हात धुतले, तुकड्याची उरलेली, न चाळलेली पूड पुन्हा रसायनात भिजवली. तेल नाही. थेंबभरही नाही. सरांची खोली दोन दारं सोडून होती — तेवढंच चालायचं होतं. मी ते दुसरं भांडं मोरीत विसळून टाकलं. का? विभागात सहायकाची जागा एकच होती, आणि त्याच आठवड्यात सर नाव कळवणार होते.

जागा मला मिळाली. शमीम बिलोलीला परतली, तिथल्या शाळेत शिकवायला लागली. जाताना स्वतःच्या वह्या मला देऊन गेली — तुला लागतील, म्हणाली. लागल्या. सगळी नोकरी मी त्या वह्यांवर केली. शेवाळ कसं दिसतं, लाकूड कसं दिसतं, हे कितीतरी पोरांना मी तिनं काढलेल्या चित्रांवरून शिकवलं, आणि पोरं मला नमस्कार करून गेली. माझं जे काही बरं झालं, ते तिच्यामुळं. सर आता नाहीत. त्यांच्या अहवालात तो दगड अजून शेवाळाचाच आहे.

गेल्या महिन्यात बिलोलीला गेले. शमीमच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. खोबरेलाचं ऐकून ती पोट धरून हसली, माझ्या पाठीत एक धपाटाही घातला. मग कप खाली ठेवला. चहा निवून गेला. मी काही मागितलं नाही — काय तोंडानं मागणार? शेवटी ती म्हणाली,

"म्हंजे माझी नजर बरोबर होती! मला वाटायचं, माझेच डोळे खोटे हायत. एवढी वर्षं शाळेत पोरींना काही दाखवायचं म्हटलं, की आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारून यायचे गं मी."