चिंचोक्यांचं पाणी

होळीनंतरच्या सोमवारी सकाळी अक्का गेली. धुळ्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी जळगावात वाचनालय उघडत होतो. "मामा, आई उठली नाही," एवढंच ती म्हणाली. मी कुलूप पुन्हा लावलं आणि बस स्थानकावर गेलो.

अक्का माझी थोरली बहीण. तिने आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर तिला एका खेळाचा नाद लागला. शहर वाढत चाललेलं, शेजारच्या शेतांत प्लॉट पडत चाललेले, आणि धरण एकच. पाण्यावरून भांडणारे एकमेकांचं ऐकत नाहीत, म्हणून तिने त्यांना खेळायला बसवायचं ठरवलं. जाड पुठ्ठ्यावर नदी, कालवा, शहर आणि गावं रंगवली. पाणी म्हणजे चिंचोके. प्रत्येकाने समोरच्याच्या जागी बसायचं; शेतकऱ्याने शहर चालवायचं, साहेबाने शेत. मी एकदा म्हणालो, "अक्का, या वयात पोरखेळ काय मांडतेस?" तर म्हणाली, "तू पुस्तकांवरची धूळ झटक. माझं मी बघते."

दसऱ्यानंतर शहराजवळच्या एका गावात, शाळेच्या वर्गात तिने खेळ मांडला तेव्हा मीही होतो. गावातले जुने शेतकरी भिका आबा शहराचे प्रमुख झाले आणि पाणी खात्यातले एक अभियंता शेतकरी. आबांनी चिंचोक्यांची वाटी आधी मांडीखाली घेतली. अभियंता म्हणाले, "गव्हाला शेवटचं पाणी तरी सोडा." आबा वर न बघता अहिराणीत म्हणाले, "अर्ज ठेवी जा. साहेब मीटिंगमा शे!" बायका पदराआड हसल्या. अभियंता मात्र चिडले, खरोखर चिडले. "अहो, दाणा भरायची वेळ आहे! पीक जळेल माझं!" तेव्हा आबांनी वाटी पुढे सरकवली. शहराने आधी गळक्या जलवाहिन्या दुरुस्त कराव्यात, गव्हाचं शेवटचं पाणी गावाला राहावं, असं ठरलं. दोघांनी हातावर हात मारला. परतीच्या बसमध्ये अक्का लहान मुलीसारखी बोलत होती.

गावाने त्या शब्दावर गहू पेरला. एरवी कमी पाण्यावर येणारा हरभराच टाकणार होते. अक्काला हे कळलं तेव्हा गहू गुडघ्याला लागत होता. ती धावत गेली. "आबा, तो करार नव्हता हो. कुणाची सही नाही." आबांना तिची काळजीच कळेना. "अक्का, पत्तामा हारेल मानूस बी शब्द मोडस नही." आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. हरलेला माणूस कबूल केलेलं पुरं करूनच उठतो. कागद फिरवता येतो, खेळात दिलेला शब्द नाही, असं ते गाव मानतं. इतकी वर्षं नकाशे वाचलेल्या माझ्या बहिणीला हे आधी सुचलं नव्हतं.

माघात पाणी शहराकडे गेलं. अक्का रोज पाणी खात्याच्या कार्यालयात जाऊन बसायची. अभियंत्यांनी चहा मागवला. "मॅडम, मला खरंच वाईट वाटतं. पण तो खेळ होता. पाणी सोडणं माझ्या हातात कुठे आहे?" ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तिला भांडताही येईना. गहू ओंबीतच वाळला. आबा तिलाच समजावत राहिले, "अक्का, तुमना हातमा थोडंच शे?" त्याने तिला जास्तच लागलं. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "या शब्दावर पुन्हा पेरू नका, एवढं मला गावात जाऊन सांगायचंय. पण तोंड कसं दाखवू..." तिने फोन ठेवला. ते सांगायचं राहून गेलं.

तेराव्याला आबा आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना अंगणात बाजूला घेतलं आणि अक्काचं सांगणं सांगितलं. "आबा, येत्या हंगामात गहू पेरू नका. तो नुसता खेळ होता." आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, खेय व्हता, म्हनीसन तर शब्द शे. एक साल चुकना, पुढला साल देतीन."

आता आखाजी जवळ आली आहे. कालवा कोरडा आहे. आबांनी गव्हाचं बियाणं राखून ठेवलं आहे.