भोंग्यावरून गेलेला निरोप

अकोल्याच्या बसस्टँडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला टॉवर बंद पडला की ताप चढतो, हे मी शपथेवर सांगीन. कोणत्या गावात कोणाचा फोन चालू आहे, त्याला तोंडपाठ.

कपाशीने दगा दिलेल्या त्या वर्षी एक पोरगी रडत आली. नर्सिंगच्या प्रवेशाला पाचच्या आत दाखला हवा होता. तो घरी राहिलेला, आणि गावची रेंज गेलेली.

"रडून काहून राहिली, बेटा? दुसऱ्या रस्त्यानं धाडू."

त्याने तिच्या शेजारच्या गावच्या मशिदीत फोन लावला, तो भोंग्याच्या माइकपुढे धरायला लावला आणि दाखला घेऊन स्टँडवर यायचा निरोप दिला. सात गावांतल्या बैलांनीही निरोप ऐकला.

"पोचला," मी म्हटलं.

"मानूस दिसल्याबिगर मी पोचला म्हनत नाई."

साडेचारला पोरीचे अब्बा दाखला घेऊन धापा टाकत आले. तेव्हा कुठे त्याने सकाळचा चहा तोंडाला लावला.